स्वप्नात जागं राहण्याची कुळकथा

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं उमगणं म्हणजे लुसिड ड्रीम. ही जाण अंगी बाणवायला आता मोबाइलवर ॲप मिळतात. दिवसातून अनेकदा ती विचारतात, तुम्ही जागे आहात का? हा खटाटोप मात्र मोबाइलच्या कितीतरी आधीचा.

फ्रान्समधल्या हर्वे द सँ-दनीनं तेराव्या वर्षी स्वप्नांची वही सुरू केली. सुरुवातीला सकाळी फारसं काही आठवत नसे, पण लिहिता लिहिता आठवण पक्की होत गेली. पोरानं चित्रंही रंगवली. वहीच्या २०७व्या रात्री त्याला पहिल्यांदा स्वप्नातच कळलं, की आपण झोपलो आहोत. त्यानं अशा २२ वह्या भरल्या. पुढे तो चिनी भाषेचा प्राध्यापक झाला. १८६७ साली स्वप्नांवरचं पुस्तक काढलं तेव्हा त्यावर स्वतःचं नाव घातलं नाही. फ्रॉइडनं ते शोधलं, पण त्याला काही ते मिळालं नाही!

हर्वेच्या कितीतरी आधी, अकराव्या शतकात, बौद्ध गुरू नारोपाची साधना त्याचा शिष्य मार्पानं भारतातून तिबेटात नेली होती. तिच्यातला एक भाग स्वप्नयोगाचा. त्यात दिवसभर ‘हे सगळं स्वप्नच’ असं मनाशी धरून वावरायचं. विसाव्या शतकात जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल टोलायनं अशीच सवय प्रश्नाच्या रूपात सांगितली: मी आत्ता जागा आहे, की स्वप्नात? काही विचित्र दिसलं की थांबायचं, आजूबाजूला पाहायचं आणि खरोखर शंका घ्यायची. दिवसाची ही सवय रात्री स्वप्नातही डोकं वर काढते.

तरी शास्त्रज्ञांना पुरावा हवा होता. स्वप्नाच्या झोपेत अंग लुळं पडतं, पण डोळे हलतात. १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी हेच धरलं. त्यांच्या प्रयोगात झोपलेल्या ॲलन वर्स्लीनं स्वप्नात भान येताच ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवले आणि डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्राची रेघ कागदावर तशीच नागमोडी उमटली. पुढे स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्जनी पहाटे जाग आली की नुकतं पडलेलं स्वप्न आठवून ‘पुढच्या वेळी ओळखीन’ असा निश्चय करत पुन्हा झोपण्याची रीत घालून दिली.

आजची ॲप यातलं सोपं तेवढंच उचलतात. घंटी वाजली, प्रश्न वाचला, झालं! शंकाच न घेता विचारलेला प्रश्न स्वप्नातही तसाच, उत्तराशिवाय निघून जातो. त्यामुळे ज्यांना हे शिकायचं आहे त्यांनी आधी हर्वेसारखी वही घ्यावी आणि अंथरुणातून उठण्यापूर्वी स्वप्न लिहावं.