पासबुकावरचे नाव : सरकारी बचतीच्या कायद्याची दीडशे वर्षे

सुरतेच्या संपत्तीचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा हुंडीपाशी येऊन थांबतात, आणि ते स्वाभाविकही आहे. त्रवाडी अर्जुनजी नाथजी यांच्यासारख्या सराफांची पत एवढी मोठी होती की अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीलाही कर्जासाठी त्यांच्याकडे हात पसरावा लागे. मराठ्यांच्या चौथाईचा हिशेबही याच शहरात होत असे. परंतु ज्यांना पेढीची पायरी चढण्याचे प्रयोजनच नव्हते अशा माणसांच्या शिलकीचा इतिहास कोणी फारसा लिहिलेला नाही. कारकून, शाळामास्तर, रेल्वेतील नोकर, पदरी दोन मुले असलेली विधवा यांच्या चार पैशांची नोंद ना सराफाच्या वहीत सापडते, ना बखरीत. ती सापडते टपाल कार्यालयाच्या पासबुकात, आणि त्या पासबुकामागे उभ्या असलेल्या कायद्यात. सुरतेत आलेली मराठी कुटुंबे बव्हंशी पेढीच्या नव्हे, तर नोकरीच्या आणि मजुरीच्या वाटेने आली. त्यामुळे हुंडीच्या इतिहासापेक्षा हा इतिहास आपल्याला अधिक जवळचा आहे.

इलाख्यांच्या राजधान्यांत सरकारी बचत बँका १८३३ ते १८३५ च्या दरम्यान निघाल्या; मुंबईची १८३५ ची. पुढे १८६५ साली कापसाच्या तेजीवर फुगलेला शेअर सट्टा फुटला. त्या सट्ट्याचे नायक प्रेमचंद रायचंद हे मूळचे सुरतेचे, हे येथील वाचकांना सांगावयास नकोच. १८६८ साली जुनी बँक ऑफ बॉम्बे दिवाळ्यात गेली, आणि बँक म्हणून पाटी लागली म्हणजे पैसा सुरक्षित असतो असे नाही, हे पश्चिम हिंदुस्थानाला कळून चुकले. १८७० पासून देशाच्या काही भागांत निवडक जिल्हा-खजिन्यांना जोडून बचत बँका उघडल्या गेल्या. १८८२-८३ मध्ये टपाल खात्याने बचतीचे काम हाती घेतले आणि सरकारी बचत जिल्ह्याजिल्ह्यांतील सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. १८८६ साली जिल्हा बँकांची खाती पोस्टाकडे गेली, १८९६ साली इलाखा बँकांचीही.

या सगळ्याच्या मध्यावर, १८७३ च्या जानेवारीत, एक लहानसा कायदा संमत झाला : गव्हर्नमेंट सेव्हिंग्ज बँक्स ॲक्ट, सन १८७३ चा पाचवा. त्याच्या कलमांची संख्या फार नाही. व्याज किती द्यावे, खाते कसे उघडावे याविषयी तो जवळजवळ काहीच बोलत नाही. त्याला मुख्यतः एकच चिंता आहे. ठेवीदार मरण पावला तर खिडकीपलीकडच्या कारकुनाने पैसे कोणाच्या हातावर ठेवावेत?

प्रश्न दिसतो तेवढा साधा नव्हता. त्या काळी मृताचे येणे वसूल करण्यासाठी १८६० च्या सत्ताविसाव्या कायद्याखाली न्यायालयाचे प्रमाणपत्र आणावे लागे. आपल्या मुंबई इलाख्यात याशिवाय १८२७ चे आठवे रेग्युलेशनही होते, ज्याखाली वारस-दाखला मिळे. महाराष्ट्रातील न्यायालयांत त्याचा आधार अजूनही घेतला जातो. पण शंभर-दोनशे रुपयांच्या ठेवीसाठी वकील, मुद्रांक आणि तारखा यांचा खर्च कोणाला परवडणार? म्हणून या कायद्याने एक पळवाट, खरे तर एक दयेची वाट, काढून दिली. ठेव ठरावीक मर्यादेच्या आत असेल आणि मुदतीत न्यायालयाचा कागद आला नाही, तर ज्याचा हक्क दिसतो असे बचत बँकेच्या अधिकाऱ्याला वाटेल त्याला त्याने पैसे द्यावेत. हवे तर शपथेवर जबानी घ्यावी, हवे तर जामीन घ्यावा. असे पैसे दिले की सरकार मोकळे झाले.

मात्र याच कायद्याने त्याच दमात आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती, आणि पुढची दीडशे वर्षे लोक नेमकी तीच विसरत आले. पैसे घेणाऱ्याकडून, मृताची देणी भागवून जे उरेल ते, खऱ्या वारसाला किंवा व्यवस्थापकाला मागता येईल. सरकारची जबाबदारी संपली, याचा अर्थ घेणाऱ्याची संपली असा नव्हे. पैसे कोणाला द्यावेत आणि पैसे कोणाचे आहेत, हे दोन प्रश्न या कायद्याने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवले.

अज्ञान मुलांविषयीचे कलम तर वाचण्यासारखे आहे. आदल्याच वर्षी, १८७२ साली, कराराचा कायदा झाला होता आणि त्याने अज्ञानाला करार करण्यास अपात्र ठरविले होते. बचत बँकेच्या कायद्याने मात्र मुलाने स्वतः ठेवलेला पैसा त्याच्याच हाती देण्यास परवानगी दिली. दुसऱ्याने त्याच्या नावे ठेवला असेल तर तो पालकाकडे, मुलाच्या उपयोगासाठी. विवाहित स्त्रीविषयीही तसेच : तिने ठेवलेली ठेव तिलाच देता येईल. १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा स्वतंत्र कायदा आला खरा, पण त्यातील स्वकमाईची तरतूद हिंदूंना लागू नव्हती. ज्या काळी घरातील पैशाला पुरुषाचे नाव असणे हाच नियम होता, त्या काळी पोस्टाच्या खिडकीवर बाईची सही किंवा अंगठा पुरेसा मानला जावा, ही गोष्ट मला तरी लहान वाटत नाही.

आता पैसा कोणाचा, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर बचतीच्या कायद्यात नव्हते; ते हिंदू धर्मशास्त्रात होते आणि तेथे वाट बिकट होती. एकत्र कुटुंबातील एका भावाने पोस्टात टाकलेले पैसे त्याचे की कुटुंबाचे? कुटुंबाच्या खर्चाने शिकलेल्या माणसाचा पगारदेखील कुटुंबाचाच, असा युक्तिवाद १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन मान्य झाला होता. नोकरी करून पासबुक भरणाऱ्या मराठी कारकुनाच्या दृष्टीने ही टांगती तलवारच होती. ती दूर केली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी. त्यांच्या पुढाकाराने झालेल्या १९३० च्या कायद्याने विद्येच्या बळावर मिळविलेली कमाई ही मिळविणाऱ्याची स्वतःची ठरली. दुसरे पाऊल डॉ. गोपाळराव देशमुख यांचे. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत हिस्सा दिला, तोही हयातीपुरता. त्याआधी एकत्र कुटुंबातील विधवेला केवळ अन्नवस्त्राचा हक्क होता. पतीचे पासबुक तिच्या पेटीत असले तरी त्यातील पैशावर दीर बोट ठेवू शकत असे. १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने विधवा, मुलगा, मुलगी आणि आई यांना एका पंक्तीला बसविले.

यानंतर रंगमंचावर येतात ते आपल्या जिल्ह्याचे मोरारजी देसाई. त्यांचे जन्मगाव भदेली हे तेव्हा सुरत जिल्ह्यात होते (वलसाड जिल्हा वेगळा झाला तो पुढे). संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यामुळे मराठी मनात त्यांची प्रतिमा कशी उमटली आहे ते सर्वश्रुत आहे. तथापि मराठी माणसाच्या पासबुकावर त्यांच्या कारकिर्दीचा ठसा आहे, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. १९५८ ते १९६३ ते देशाचे अर्थमंत्री होते. १९५९ साली दोन कायदे पाठोपाठ झाले. पंचेचाळिसाव्याने १८७३ च्या कायद्यात नामनिर्देशनाची तरतूद घातली, शेहेचाळिसावा राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रांसाठी स्वतंत्र झाला. ठेवीदाराने आपल्या हयातीत एक नाव लिहून ठेवावे आणि त्याच्यामागे इतर कोणालाही न विचारता त्या व्यक्तीला पैसे मिळावेत, अशी ही सोय होती. अधिकाऱ्याच्या अंदाजाची जागा ठेवीदाराच्या लेखी इच्छेने घेतली.

१९६७ ते १९६९ या दुसऱ्या खेपेस त्यांच्याच काळात १९६८ चा सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला. सुरतेसारख्या गावात त्याचे मोल विशेष. जरीचा कारागीर, यंत्रमागाचा मालक, हिऱ्यांचा दलाल यांना ना धनी, ना फंड. त्यांनाही म्हातारपणाची तरतूद करता यावी आणि धंदा बुडाला तरी न्यायालयाच्या हुकूमनाम्याखाली त्या रकमेवर जप्ती येऊ नये, हे या कायद्याने साधले. मधल्या काळात, १९६३ साली, याच मोरारजींनी सक्तीच्या ठेवीची योजनाही आणली होती. ती लोकांना रुचली नाही. १९७४ साली अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी पुन्हा सक्तीच्या ठेवीचा मार्ग धरला. बचत ही हौसेने करावयाची गोष्ट आहे, हे अर्थमंत्र्यांना अधूनमधून विसरावेसे वाटते.

नामनिर्देशनाने सोय झाली, तसा घोटाळाही झाला. आणि त्या घोटाळ्याचे मूळ कायद्यात जितके, तितकेच आपल्या भाषेत आहे. मराठी माणूस ‘नामनिर्देशन केले’ असे कधी म्हणत नाही. तो म्हणतो, ‘पोस्टात वारस लावला’. आपल्या गुजराती शेजाऱ्याच्या तोंडीही ‘वारसदार’ हाच शब्द. एकदा वारस म्हटले की धनी ठरलाच, अशी घरोघर समजूत. समजा, एका गृहस्थाने थोरल्या मुलाचे नाव लावले आणि मृत्युपत्र न करता तो वारला. मागे पत्नी, तो मुलगा आणि दोन मुली. खात्यात दोन लाख रुपये. पोस्ट ते सारे मुलाच्या हाती देईल, आणि पोस्टाचे काही चुकले असे होणार नाही. परंतु त्यातले पन्नास हजार तेवढे मुलाचे. उरलेले दीड लाख आईचे आणि बहिणींचे. पुष्कळ घरांत ही गोष्ट बहिणींना कोणी सांगत नाही, आणि ठाऊक असले तरी माहेर तुटेल म्हणून त्या विचारीत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली आयुर्विम्याच्या बाबतीत, आणि २००० साली राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रांच्या बाबतीत हेच स्पष्ट केले. प्रमाणपत्रांच्या कायद्यात ‘अन्य कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी’ असे जोरकस शब्द आहेत. तरीही ते शब्द पैसे स्वीकारण्यापुरते आहेत, मालकीपुरते नाहीत, असा न्यायालयाचा अर्थ. २०१८ साली सरकारने बचत प्रमाणपत्रांचा व भविष्य निर्वाह निधीचा असे दोन्ही कायदे रद्द करून त्यांच्या तरतुदी १८७३ च्या जुन्या कायद्यात विलीन केल्या आणि त्याचे नाव ‘सरकारी बचत प्रोत्साहन कायदा’ असे ठेवले. त्या वेळी सरकारनेही मान्य केले होते की कायद्याची भाषा आणि न्यायालयाचा निर्णय यांत विसंगतीमुळे तंटे होत आहेत. २०२३ च्या डिसेंबरात शेअर आणि म्युच्युअल फंडांविषयी सर्वोच्च न्यायालयाने तोच सिद्धान्त पुन्हा सांगितला. ते प्रकरण ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या मिळकतीसंबंधीचे होते. तेव्हा ज्याला आपला पैसा एका विशिष्ट व्यक्तीलाच मिळावा असे वाटते, त्याला पासबुकावरचे नाव पुरेसे नाही. मृत्युपत्र करावेच लागते.

नाव मुळीच नसलेल्या कागदाची कथा त्याहून करुण आहे. १९८६ साली निघालेली इंदिरा विकास पत्रे चलनी नोटेसारखी होती. त्यांवर धारकाचे नाव नसे, त्यामुळे नामनिर्देशनही नाही. हरवली की हरवली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यांची तुलना चलनी नोटेशीच केली आणि दुय्यम प्रत मिळण्याचा मार्ग बंद झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तापीचे पाणी सुरतेच्या घराघरांत शिरले होते. नावाच्या कागदाची प्रत निघते, बेनावी कागदाची निघत नाही, हा फरक पुराच्या गावाने तरी लक्षात ठेवावा.

२०१८ च्या नियमांनी एका खात्यावर चार जणांपर्यंत नावे लावता येतात, आणि प्रत्येकाचा हिस्साही लिहिता येतो. नाव बदलण्यासाठी पन्नास रुपये शुल्क पडत असे, ते २०२५ च्या एप्रिलमध्ये रद्द झाले. नाव लावलेले नसेल आणि सहा महिन्यांत प्रोबेट किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र आले नाही, तर पाच लाखांपर्यंतची रक्कम न्यायालयात न जाता मिळू शकते. १८७३ ची ती दयेची वाट आजही खुली आहे. एकत्र कुटुंबाच्या नावे मात्र भविष्य निर्वाह निधीचे नवे खाते १३ मे २००५ पासून उघडता येत नाही.

आणि ज्या ठेवींकडे कोणीच फिरकत नाही, त्यांचे काय होते? खाते निष्क्रिय ठरून सात वर्षे लोटली की ती रक्कम २०१५ च्या वित्त कायद्याने स्थापन झालेल्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. त्यानंतरही पंचवीस वर्षांपर्यंत वारसांना ती मागता येते. ती मुदत उलटली की रक्कम केंद्र सरकारची होते.