रक्तात काय आणि कातडीवर काय

आमच्या वऱ्हाडात सोयरीक जुळवताना दोन्हीकडची वडीलधारी माणसे ओसरीत बसतात. जमीन किती, कोरडवाहू की ओलिताची, मुलगा कुठे कामाला, असे सगळे उघड विचारून होते. एक प्रश्न मात्र समोर विचारत नसत. तो गावातल्या तिसऱ्याच माणसाला, पानाच्या ठेल्यावर किंवा बाजारात गाठून विचारला जाई, ‘घरान्यात रक्तपिती तं नाई ना?’ मंगरुळपीर तालुक्यातल्या आसेगावात माझे लहानपण गेले. तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. वाशिम जिल्हा १९९८ साली झाला. हा प्रश्न मी लहानपणी कितीदा तरी ऐकला आणि त्याचे उत्तर आमच्याच घरात होते, हे मला बऱ्याच उशिरा कळले.

माझ्या वडिलांची एक आत्या होती. तिच्या दंडावर तांबूस चट्टा होता. चुलीपुढे बसलेली असताना तव्याचा चटका बसला, मांस जळाल्याचा वास आला तरी तिला कळले नाही, असे आजी सांगायची. नंतर आत्या वावरातल्या झोपडीत राहायला गेली. गेली म्हणजे नेऊन ठेवली. तिला माघारी कुणी बोलावले नाही. तिच्या दोन भाच्यांची लग्ने मात्र त्यामुळे अडली, आणि घरात तिच्याविषयीचा राग उरला तो याचा. तिच्या चट्ट्याचा नव्हे.

महारोगाचा इतिहास मी वाचायला लागलो तो या रागाचा उगम शोधण्यासाठी. रक्तपिती या शब्दातच पहिला धागा सापडला. रोग दिसतो कातडीवर, मुळात तो मज्जातंतूंचा, पण नाव मात्र रक्ताचे. रक्त म्हटले की आपल्याकडे लगेच वंश येतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कुष्ठावरचा जो अध्याय आहे त्यात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. आईबापांचे शोणित आणि शुक्र दूषित असेल तर अपत्यही कुष्ठी होते असे एका ठिकाणी, आणि सहवासाने, स्पर्शाने, एका शय्येने, दुसऱ्याची वस्त्रे वापरल्याने कुष्ठ एकाकडून दुसऱ्याकडे जाते असे त्याच अध्यायाच्या शेवटी. सुश्रुताच्या ‘कुष्ठा’त आजचे अनेक त्वचारोग येतात, हे खरे. तरी संसर्ग की वंश, हा वाद तिथे नाहीच, दोन्ही आहेत. समाजानेही दोन्ही उचलले. शिवायचे नाही आणि सोयरीकही करायची नाही.

युरोपात हा वाद झाला आणि तो एकाच घरात झाला, हे मला विशेष वाटते. नॉर्वेच्या बर्गेन शहरात डॅनियल डॅनियलसन हा महारोगाचा सर्वात मोठा जाणकार. हा रोग आनुवंशिक आहे असे त्याचे ठाम मत होते. रुग्णांच्या गाठींतला अंश स्वतःला टोचून घेऊनही त्याला काही झाले नव्हते. त्याचाच जावई गेरहार्ड हॅन्सन. १८७३ साली हॅन्सनला रुग्णांच्या गाठींमध्ये काडीसारखे जंतू दिसले आणि रोग संसर्गाचा आहे असे तो म्हणू लागला. पण जंतू प्रयोगशाळेत वाढेनात, जनावरात उतरेनात. मग त्याने एका रुग्ण बाईच्या डोळ्यात तिची संमती न घेता दुसऱ्या रुग्णाचा अंश टोचला. तिने तक्रार केली, १८८० मध्ये खटला झाला आणि रुग्णालयातली त्याची जागा गेली. माझ्या दृष्टीने त्याचा खरा मोठा पुरावा पुढचा आहे. १८८८ साली तो अमेरिकेत गेला आणि तिथे स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन महारोग्यांच्या मुलानातवंडांत रोग शोधत हिंडला. त्या संततीत त्याला तो सापडला नाही. रक्तात असता तर समुद्र ओलांडून तो त्यांच्याबरोबर गेला असता.

या कथेचे एक टोक आपल्या साताऱ्यात आहे. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथातली चित्रे काढणारा हेन्री व्हँडाइक कार्टर पुढे मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत होता आणि नंतर काही वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. महारोगावर त्याने इथे खूप काम केले. तो आधी आनुवंशिकतेकडे झुकलेला होता. १८७३ मध्ये रजेवर असताना तो बर्गेनला गेला, हॅन्सनचे काम पाहिले आणि संसर्गाच्या बाजूचा होऊन परतला. पण संसर्ग मान्य झाला म्हणजे रुग्णाची सुटका झाली असे नाही. कार्टरने रुग्णांना वेगळे ठेवण्याचा आग्रह धरला. १८९०-९१ मध्ये हिंदुस्थानात फिरलेल्या कमिशनने रोग आनुवंशिक नाही आणि संसर्गही फार थोडा, असा निर्वाळा दिला, तरी १८९८ चा लेपर्स ॲक्ट झालाच. निराधार महारोगी दिसला तर पोलिसाने वॉरंटाशिवाय धरावा, अशी त्यात तरतूद होती. हा कायदा रद्द झाला २०१६ साली. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे एक कारण म्हणून महारोग होता, तो निघाला २०१९ मध्ये. औषधोपचाराने रोग पूर्ण बरा होऊ लागल्याला तोवर तीन तपे उलटली होती.

रोगाची वाट थोडी सांगायला हवी, नाहीतर तो कातडीचाच वाटत राहतो. हा जंतू फार संथ. दोनाचे चार व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात, आणि शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत वर्षे जातात. त्याला थंड जागा आवडतात. म्हणून कानाच्या पाळ्या, नाक, हातापायांची टोके. तंतू बधिर होतात, मग चटका कळत नाही, काटा कळत नाही, आणि बोटे झडतात ती जंतूने खाल्ल्यामुळे नव्हे, तर न कळलेल्या जखमांमुळे. तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातही राहतो. काही रुग्णांत शरीराची प्रतिक्रिया उसळते तेव्हा वाहिन्यांना सूज येऊन कातडीवर लाल, दुखऱ्या गाठी उठतात. क्वचित वाहिन्या बुजून कातडी काळी पडून मरते. मेक्सिकोत लुसिओने १८५२ मध्ये याचे वर्णन केले. तेव्हा ‘रक्तपिती’ हे नाव अगदीच वावगे नाही, असे गमतीने म्हणता येईल. चुकला होता तो त्यातून काढलेला वंशाचा अर्थ.

तो अर्थ पुसण्याचे काम विदर्भात झाले तसे देशात फार थोड्या ठिकाणी झाले. १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी काम सुरू केले. सेवाग्रामला गांधीजी परचुरेशास्त्रींना स्वतः मालीश करत. १९४६ मध्ये अमरावतीला दाजीसाहेब पटवर्धनांनी तपोवन उभे केले आणि पुढे वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन. डॅनियलसनप्रमाणे बाबांनीही जंतू टोचून घेतले होते आणि त्यांनाही काही झाले नाही. ही सगळी नावे वाचकांना पाठ आहेत. मला त्यांत एकच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. या वसाहतींत बऱ्या झालेल्या माणसांची लग्ने झाली, त्यांना मुले झाली, ती शाळेत गेली, धडधाकट वाढली. हॅन्सन जे पाहायला अमेरिकेत गेला ते आमच्याकडे अमरावतीच्या वेशीवर दिसत होते. आसेगावाहून अमरावती फार लांब नाही. तरी ओसरीवरचा प्रश्न बदलला नाही.

आणि याच सगळ्या काळात खरोखर रक्तातून जाणारा एक रोग याच मुलखात होता. त्याच्याबद्दल कुणी विचारत नव्हते.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. थंडी पडली की त्याचे सांधे, पाठ, छाती दुखायची. आठ-आठ दिवस शाळेत येत नसे. डोळे पिवळट. मास्तर त्याला अंगचोर म्हणत, आम्हीही म्हणायचो. ऐन तिशीत तो गेला. पुढे त्याच्या पुतणीच्या रक्ततपासणीत सिकलसेल निघाला, तेव्हा कुठे त्याच्या आजाराला नाव मिळाले.

१९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिकने हा आजार पहिल्यांदा नोंदवला, तो ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका तरुणात. त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी होत्या. त्या तरुणाच्या पायांवर जुन्या व्रणांचे वण होते. ऑक्सिजन कमी पडला की या पेशींतले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून पेशी ताठरते, लहान वाहिन्यांत अडकते. पुढचा भाग रक्तावाचून तळमळतो. हाडात झाले की कळा, खुब्यात झाले की खुबा झिजतो, घोट्याच्या वर झाले की महिनोन्‌महिने न भरणारा व्रण. लायनस पॉलिंगने १९४९ साली हा एका रेणूतला दोष असल्याचे दाखवले. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता २५ टक्के.

१९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातला सिकलसेल ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवला. म्हणजे निदान साठ-सत्तर वर्षे आपल्याला माहीत आहे. तरी तो दिसला नाही, याची कारणे दोन, असे मला वाटते. एक तर आपल्याकडच्या रुग्णांत बाळपणातले हिमोग्लोबिन मोठेपणीही बरेच टिकून राहते, त्यामुळे पायाचे व्रण आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा पुष्कळ कमी होतात. कातडीवर खूण नाही. दुसरे कारण बोलायला अवघड आहे. हा दोष मलेरियाच्या मुलखात टिकला, कारण वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळते; आणि विदर्भात तो विशेष करून आदिवासी आणि दलित जातींमध्ये आढळतो. ज्यांच्या दुखण्याला आळस म्हणायची सवय गावाला आधीच होती, त्यांच्यात.

कातडीवर लिहिलेल्या रोगाला आम्ही रक्तातला ठरवले आणि रक्तातल्याला अंगचोरपणा. पण गावाच्या जुन्या समजुतीतही एक कण खरा निघाला, तो नोंदवला पाहिजे. १९७३ मध्ये चक्रवर्ती आणि फोगल यांनी भारतातल्या जुळ्यांवर अभ्यास केला. एकबीज जुळ्यांपैकी एकाला महारोग असेल तर दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण द्विबीज जुळ्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळले. रोग वारशाने येत नाही. जंतूपुढे शरीर किती टिकते यात मात्र वारशाचा हात आहे. बहुतेक सगळ्यांची शरीरे टिकतात. आत्याच्या झोपडीत रोज भाकरी घेऊन जाणारी माझी आजी नव्वदीपर्यंत जगली, तिला साधा चट्टाही उठला नाही. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी तिचा अर्थ लावला नाही.

२०२३ च्या जुलैपासून देशभर सिकलसेल तपासणीची मोहीम चालू आहे. तपासलेल्याला कार्ड मिळते; लग्नाआधी दोघांनी आपापली कार्डे जुळवून पाहावीत, अशी त्यामागची कल्पना. कल्पना रास्त आहे. वाहक हा आजारी नसतो, दोघेही वाहक नसले की मुलांना आजार होण्याची भीती उरत नाही, एवढेच त्यातून कळायचे असते. गेल्या उन्हाळ्यात मी गावी होतो तेव्हा माझ्या त्या वर्गमित्राच्या घरी गेलो. पुतणी वाहक आहे, तिच्यासाठी स्थळे येत होती. कार्ड कुठे आहे म्हणून मी विचारले. तिच्या आईने आधी दार लोटून घेतले, मग कोठीतल्या पत्र्याच्या पेटीतून, लुगड्यांच्या घडीखालून ते काढून दाखवले आणि माझ्या हातातून घेऊन लगेच परत तिथेच ठेवले. ‘पाहुण्यायले सांगू नका भाऊ,’ ती म्हणाली, ‘आमच्या घरान्यात काई आहे म्हनतीन.’