चर्मपत्र आणि तबकडी

इंग्लंडात १०८६ साली विल्यम राजाच्या आज्ञेने जमीनजुमल्याची मोजदाद झाली. ‘डूम्सडे’ नावाचे ते चर्मपत्री दप्तर आजही वाचता येते. त्याला ९०० वर्षे झाली तेव्हा, १९८६ मध्ये, बीबीसीने देशाची नवी पाहणी लेझर तबकड्यांवर नोंदविली. परंतु १५ वर्षांतच त्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली. अखेर २००२ मध्ये लीड्स व मिशिगन विद्यापीठांतील अभ्यासकांनी जुन्या यंत्राचे काम नव्या संगणकाकडून करवून वाट काढली.

असे प्रसंग टाळण्याची विद्या शिकवावीच लागते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने २००३ मध्ये त्यासाठी वर्ग सुरू केले. संस्थेचा निर्धार, तंत्र आणि द्रव्यबळ ही तिथे शिकविलेली तिवई. एक पाय तोकडा पडला, तर सारेच कोसळते. चर्मपत्र पेटीत निपचित पडूनही टिकते. संगणकातील दप्तर मात्र जाणत्या राखणदाराविना जगत नाही.