कावेरीकाठचा मिरासदार

कुंभकोणमहून आडुतुरैच्या बाजूला निघाले की भातखाचरांच्या मधोमध तिरुनीलक्कुडी लागते. गावाच्या नावातच नीळकंठ आहे. हलाहल प्यालेल्या शंकराचा दाह शमावा म्हणून इथल्या लिंगाला तेलाचा अभिषेक करतात, आणि कितीही तेल ओतले तरी ते आतच मुरते अशी देवस्थानाची ख्याती. सातव्या शतकात अप्परांनी या देवावर पदे रचली. मी मात्र गाभाऱ्यासमोर उभा असताना अगदी कारकुनी प्रश्नात अडकलो: शतकानुशतके हे तेल पुरवले कोणी?

चोळांच्या काळी या मुलखात देवापुढे नंदादीप लावायचा तर दाता 96 मेंढ्या देई. त्या ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या’ धरल्या जात. म्हणजे कळप सांभाळणाऱ्याने आकडा कायम ठेवायचा आणि रोजचे तूप मोजून द्यायचे. देवाची ही भूक पुढे अधिकाधिक भातावर भागू लागली. सोळाव्या शतकापासून तिरुवावडुतुरै, धर्मपुरम यांसारखे शैव मठ जमिनींचे मोठे धनी झाले. पिकाचे दोन वाटे पडत: मेलवारम म्हणजे वरचा, राजाचा किंवा ज्याला त्याने दान दिले त्याचा, कुडिवारम म्हणजे कसणाऱ्या घराचा. तेल, दिवा, नैवेद्य, वेदपाठ, नाच-गाणे हे सगळे पहिल्या वाट्यातून निघे.

या व्यवस्थेत आपण उशिरा आलो. तंजावरची नायकशाही 1673 मध्ये बुडाली, तीन-एक वर्षांत व्यंकोजी भोसले गादीवर बसले, आणि 1677 मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले तेव्हा कोल्लिडमच्या काठी दोघा भावांची भेट झाली. मराठीत तंजावर म्हटले की एवढे आठवते, फार तर सरस्वती महाल आणि शहाजीराजांची नाटके. राजवाड्याबाहेर आपण क्वचितच पडतो.

बाहेर पडल्यावर भेटतो तो एक ओळखीचा शब्द. कावेरीच्या खोऱ्यात जमीनमालकाला अगदी अलीकडेपर्यंत ‘मिरासुदार’ म्हणत. जुना तमिळ शब्द काणियाट्चि. ‘मिरास’ अरबी मुळाचा. आपल्या मोडी-फारसी महसुली बोलीत तो मुरलेला होता आणि त्या बोलीच्या वाटेने तमिळमध्येही वतनदारी करून बसला.

पण देशावरचा मिरासदार कोण होता? पिढीजात हक्काने स्वतःची जमीन कसणारा कुणबी. उपरी आज आहे, उद्या नाही. मिरासदाराला मात्र गावात मान, पाटलापुढे बोलायची सोय, आणि दुष्काळात गाव सोडून गेला तरी परत येऊन हक्क सांगायची मुभा. हात त्याचेच नांगरावर. कावेरीकाठी तोच शब्द नांगराला हात न लावणाऱ्याला जाऊन चिकटला. इथे मिरास म्हणजे गावाच्या उत्पन्नातला हिस्सा, ‘पंगु’. काही गावांत हे हिस्सेदार दर काही वर्षांनी चिठ्ठ्या टाकून जमिनी आपसात पुन्हा वाटून घेत. शेतात उतरत ते पण्णैयाळ, बहुतेक पळ्ळर आणि परैयर जातींचे, कर्जाने आणि जन्माने मालकाला बांधलेले.

शहाजीराजांनी 1693 मध्ये कुंभकोणमजवळचे तिरुविशनल्लूर चाळीसहून अधिक पंडितांना देऊन त्याचे शहाजीराजपुरम केले. रामभद्र दीक्षित, श्रीधर अय्यावाळ ही तिथली माणसे. त्या अग्रहारातून उत्तम संस्कृत ग्रंथ आले, हे निर्विवाद. मला त्या दानाचा अभिमानही वाटतो. तरी पंडिताच्या पानात भात पडायला चिखलात कोणी तरी वाकलेलेच होते. राजांनी ही घडी बसवली नाही, ती त्यांना आयती मिळाली. त्यांनी ती मोडलीही नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षे परमुलखात टिकण्याचे रहस्य मला त्यांच्या तलवारीपेक्षा या शहाणपणात दिसते: देवळांना धक्का लावायचा नाही, पाण्याचे पाट वाहते ठेवायचे, आणि हिस्सेदारांशी जमवून घ्यायचे.

1781 मध्ये हैदरअलीच्या फौजेने हा मुलूख उजाड केला, पीक बसले, माणसे परागंदा झाली. 1799 च्या तहाने सरफोजींकडे किल्ला आणि नाव तेवढे उरले. कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मोजदाद केली तेव्हा तंजावर प्रांतात 60 हजारांहून अधिक मिरासदार भरले, त्यांत 17 हजारांवर ब्राह्मण. पण्णैयाळ या हिशेबात हक्कदार म्हणून येत नाहीत. ते जमिनीबरोबर आलेले.

त्यांचे नाव कायद्यात यायला 1952 साल उजाडले. मद्रास सरकारने तंजावरच्या कुळांना आणि पण्णैयाळांना संरक्षण देणारा कायदा केला. त्यानंतर सोळा वर्षांनी, 25 डिसेंबर 1968 च्या रात्री, जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात मजुरीचे थोडे जास्त भात मागणाऱ्या दलित मजुरांची 44 माणसे एका झोपडीत जाळून मारली गेली. बहुतेक बायका आणि मुले. मालकांना लोक अजून मिरासदारच म्हणत होते.

पुण्या-साताऱ्याकडे मिरासदार हे आडनाव आहे आणि ते ऐकले की आपल्याला द. मां.च्या गोष्टी आठवून हसू येते. तिरुनीलक्कुडीच्या देवळातून बाहेर आलो तेव्हा शेजारच्या खाचरात बायका ओळीने लावणी करत होत्या. आत पुजाऱ्याने तेलाचे दुसरे भांडे उचलले होते.