तुरुंगातली राखी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत मीही चार ओळी लिहाव्यात, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांचा इतिहास मला लिहिता यायचा नाही. पण इतिहास काही गडकिल्ल्यांवरच घडतो असे नाही. तो आपल्या या इंदूरच्या तुरुंगातही एकदा घडला आहे. तोच आज सांगते.

माझे माहेर आटपाडीकडचे. तिथे १९३९ साली, औंध संस्थानच्या काळात, 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियरची ती कल्पना. औंधच्या राजेसाहेबांनी ती उचलून धरली. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांना भिंतीवाचून, विश्वासावर ठेवायचे आणि शेती करू द्यायची. 'दो आँखें बारह हाथ' हा व्ही. शांतारामांचा १९५७ चा चित्रपट त्यावरूनच सुचला. लहानपणी मला याचा फार अभिमान वाटे. पण माझी आजी एकदा म्हणाली, "कैद्यांचं भलं झालं, चांगलंच झालं. पण ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांना कुणी काही विचारलं का गं?"

या प्रश्नाचे उत्तर मला सासरी, इंदुरात सापडले.

राणी मारिया ही केरळातली ख्रिस्ती जोगीण. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासींना सावकारांच्या पाशातून सोडवण्याचे काम ती करीत असे. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी ती बसने इंदूरला येत असताना समंदरसिंह नावाच्या तरुणाने प्रवाशांदेखत तिला सुऱ्याने भोसकून मारले. अंगावर पन्नासाहून अधिक जखमा होत्या. वय अवघे एकेचाळीस. समंदरसिंहाला जन्मठेप झाली.

आपल्याला दुसऱ्यांनी चिथावले, असे पुढे तो सांगे. तुरुंगात त्याच्या मनात त्यांच्या सुडाचीच आग होती. स्वामी सदानंद नावाचे एक ख्रिस्ती साधू त्याला भेटू लागले. एका भेटीत काही झाले नाही. हळूहळू तो निवळला, पस्तावला. मग २००२ साली, राखीच्या दिवसांत, राणी मारियाची सख्खी धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही जोगीणच, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली. पुढे त्यांच्या वृद्ध आईनेही त्याला भेटून त्याच्या हातांचे चुंबन घेतले. ज्या हातांना लेकीचे रक्त लागले होते, तेच हात! त्याला सोडावे म्हणून अर्ज केला तोही याच कुटुंबाने. २००६ साली तो सुटला आणि केरळात त्यांच्या घरी जाऊन आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात राणी मारियाला 'धन्य' म्हणून गौरवण्यात आले.

भगिनींनो, यात गुन्हा कुणी लहान ठरवला नाही. अकरा वर्षे तो तुरुंगात होताच. पण कोर्टाने शिक्षा दिली म्हणून घरच्यांच्या मनातली गाठ सुटत नाही. ती ज्याची त्याने सोडवायची असते, आणि तीही अपराध्याने आधी मान खाली घातली तर. दुसऱ्याने "माफ करून टाक" म्हणून सांगणे सोपे असते.

हे मी अनुभवाने सांगते. माझा पाठचा भाऊ एका ट्रकवाल्याच्या बेपर्वाईने गेला. त्या माणसाने शिक्षा भोगली. सुटल्यावर, भेटायला येऊ का, असा निरोप त्याने धाडला. मी नको म्हटले. दर राखीला मी भावाच्या तसबिरीला राखी लावते, आणि ती सेल्मीबाई आठवते. तिच्याएवढे मोठे मन माझ्यापाशी नाही. पण तो निरोप पुन्हा आला, तर या वेळी लगेच नाही म्हणणार नाही. आज एवढेच लिहिता येते.