ग्वाल्हेरचे ‘लॉयल्टी’ जहाज आणि भारतीय नाविक शिक्षण

ग्वाल्हेर शहराला समुद्र नाही आणि बंदरही नाही. तरीही दरवर्षी ५ एप्रिल रोजी साजऱ्या होणाऱ्या राष्ट्रीय सागरी दिनाचा इतिहास सांगताना या शहराचा उल्लेख टाळता येत नाही. ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघालेले ‘लॉयल्टी’ हे जहाज त्यापूर्वी ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाच्या मालकीचे होते. त्या प्रवासाच्या स्मरणार्थ १९६४ पासून हा दिवस पाळला जातो. जहाज भारतीयांचे झाले, परंतु ते चालविणारे प्रशिक्षित अधिकारी भारतीयांमध्ये नव्हते. भारतातील व्यापारी नौकानयनाच्या शिक्षणाची सुरुवात या उणिवेतून झाली.

संस्थानाचे जहाज

‘लॉयल्टी’चे मूळ नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. इंग्लंडमधील बॅरो येथे बांधलेले हे प्रवासी जहाज १८९१ पासून कॅनडातील व्हँकुव्हर आणि पूर्व आशियातील बंदरे यांच्या दरम्यान प्रशांत महासागरात ये-जा करीत असे. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर, १९१४ च्या अखेरीस, ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ते विकत घेतले. जखमी सैनिकांसाठी त्याचे रुग्णालय-जहाजात रूपांतर झाले आणि त्यास ‘लॉयल्टी’ हे नाव मिळाले.

युद्ध संपताच जहाज विक्रीस निघाले. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद आणि मुंबईचे नरोत्तम मोरारजी यांनी सहकाऱ्यांसह ते घेतले आणि मार्च १९१९ मध्ये कंपनी नोंदविली. शिंदे घराण्याच्या नावावरून तिचे नाव ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ असे ठेवण्यात आले. ‘लॉयल्टी’ फार काळ चालले नाही. १९२३ मध्ये ते भंगारात गेले. कंपनी मात्र ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या दरयुद्धाला तोंड देत टिकून राहिली.

‘डफरिन’ची स्थापना

त्या काळी जहाजावरील श्रमाची कामे भारतीय खलाशी पिढ्यान्‌पिढ्या करीत होते. गोव्याचे तारवटी आणि कोकण किनाऱ्यावरील दर्यावर्दी यांच्या श्रमावर ब्रिटिश जहाजे चालत. परंतु कप्तान, मेट व इंजिनिअर या पदांसाठी लागणारी सक्षमता प्रमाणपत्रे जवळजवळ सर्वस्वी युरोपीयांकडे होती. प्रशिक्षणाची सोय नसल्यामुळे भारतीयांना प्रमाणपत्र मिळत नसे आणि प्रमाणपत्र नसल्यामुळे पद मिळत नसे.

या प्रश्नाच्या विचारासाठी सरकारने १९२३ मध्ये ‘इंडियन मर्कंटाइल मरीन कमिटी’ नेमली. तिच्या शिफारशींना अनुसरून १९२७ मध्ये मुंबई बंदरात ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले. सैन्याच्या वाहतुकीसाठी वापरले जाणारे हे जहाजही बॅरो येथेच बांधलेले होते. पहिल्या तुकडीतील रामदास कटारी पुढे, १९५८ मध्ये, भारताचे पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले.

‘डफरिन’वरील शिक्षणाने अर्धाच प्रश्न सुटला. प्रमाणपत्राच्या परीक्षेस बसण्यापूर्वी कॅडेटला प्रत्यक्ष समुद्रावर ठरावीक काळ काम करणे आवश्यक होते आणि त्यासाठी एखाद्या कंपनीने त्याला जहाजावर जागा देणे भाग होते. ब्रिटिश कंपन्या याबाबत उत्सुक नव्हत्या. सिंदिया कंपनीच्या जहाजांचे महत्त्व येथे दिसून आले. शाळेतील जागेइतकीच जहाजावरील जागाही मोलाची आहे, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

आजची व्यवस्था

‘डफरिन’ची जागा १९७२ मध्ये ‘राजेंद्र’ या जहाजाने घेतली. १९९३ मध्ये हे प्रशिक्षण नवी मुंबईतील ‘चाणक्य’ या किनाऱ्यावरील संस्थेत आले. सागरी अभियांत्रिकीचे स्वतंत्र सरकारी प्रशिक्षण १९४९ पासून कोलकाता व मुंबई येथे सुरू होते. २००८ मध्ये भारतीय सागरी विद्यापीठ स्थापन होऊन या सरकारी संस्था त्याच्या छत्राखाली आल्या. विद्यापीठाचे मुख्यालय चेन्नई येथे आहे. खासगी संस्थांपैकी तळेगावजवळील तोलानी आणि पुण्याजवळील लोणी काळभोर येथील ‘मॅनेट’ या महाराष्ट्रात परिचित आहेत. गोव्यात वास्को येथे इन्स्टिट्यूट ऑफ मेरिटाइम स्टडीज आहे.

अधिकारी होण्याचे मार्ग मुख्यतः दोन आहेत. नौकानयन अर्थात डेक शाखेसाठी एक वर्षाची नाविक शास्त्र पदविका किंवा तीन वर्षांची बी.एस्सी. पदवी घेता येते. इंजिन शाखेसाठी चार वर्षांची बी.टेक. पदवी आहे; यांत्रिक अभियांत्रिकीच्या पदवीधरांना एक वर्षाचा अभ्यासक्रमही उपलब्ध आहे. बारावीनंतरच्या प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय, त्यांत सर्वसाधारणपणे ६० टक्के आणि इंग्रजीत ५० टक्के गुण लागतात. विद्यापीठाची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. डेक शाखेसाठी उत्तम दृष्टी अपेक्षित असते आणि रंगांधत्व असलेल्यास प्रवेश मिळत नाही, कारण रात्री दुसऱ्या जहाजाची दिशा त्याच्या लाल, हिरव्या व पांढऱ्या दिव्यांवरून ओळखावी लागते. शुल्क भरण्यापूर्वीच मान्यताप्राप्त वैद्यकाकडून तपासणी करून घेणे म्हणून शहाणपणाचे ठरते.

दहावी उत्तीर्ण उमेदवारांसाठी सहा महिन्यांचा जनरल पर्पज रेटिंग अभ्यासक्रम आहे. तो खलाशी वर्गासाठी असतो. याखेरीज आग विझविणे, समुद्रात जीव वाचविणे, प्रथमोपचार व सुरक्षितता यांचे मूलभूत प्रशिक्षण सर्वांनाच सक्तीचे आहे. १९७८ च्या ‘एसटीसीडब्ल्यू’ या आंतरराष्ट्रीय कराराने प्रशिक्षणाचे किमान निकष ठरविले असल्याने भारतीय प्रमाणपत्र परदेशी जहाजांवरही उपयोगी पडते.

वर्गानंतरचा समुद्र

पदविका हाती आली म्हणजे अधिकारीपद मिळाले, असा अनेक पालकांचा समज असतो. प्रत्यक्षात एक वर्षाच्या पदविकेनंतर कॅडेटला १८ महिने जहाजावर काम करावे लागते, बी.एस्सी. झालेल्यास १२ महिने, तर बी.टेक. झालेल्या इंजिनिअरला ६ महिने. या काळात पहारा देणे, जहाजाची स्थिती नकाशावर काढणे, मालाची मांडणी करणे, पंप व इंजिनांची निगा राखणे ही कामे तो शिकतो आणि त्यांची नोंद प्रशिक्षण वहीत होते. त्यानंतरच डेक शाखेत सेकंड मेट आणि इंजिन शाखेत चौथ्या श्रेणीची सक्षमता परीक्षा देता येते. पुढे आणखी सेवा व आणखी परीक्षा देत कप्तान किंवा मुख्य इंजिनिअर या पदापर्यंत पोहोचता येते.

अडचण येते ती या टप्प्यावर. वर्गात एका शिक्षकापुढे चाळीस विद्यार्थी बसू शकतात. मालवाहू जहाजावर मात्र कॅडेटसाठी मोजक्याच खोल्या असतात. कंपनीचे प्रायोजकत्व न मिळवता प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमानंतर जहाजाची वाट पाहत बसावे लागण्याचा धोका असतो. कर्ज काढून शुल्क भरलेल्या कुटुंबाची अशा वेळी कोंडी होते आणि नेमका याच अवस्थेचा लाभ बनावट दलाल उठवतात.

सागरी श्रम करार २००६ भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार जहाजावर नोकरी मिळवून देण्यासाठी नाविकाकडून शुल्क घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, पारपत्र आणि सीडीसी ही नाविक सेवापुस्तिका यांचा खर्च तेवढा नाविकाने करावयाचा असतो. ‘जागेसाठी’ काही लाखांची मागणी झाली, तर ती बेकायदा समजावी. मान्यताप्राप्त संस्था आणि परवानाधारक भरती कंपन्या यांच्या याद्या नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतात.

गोव्यात एखाद्या कंपनीविषयी शेजारच्या निवृत्त तारवट्याला विचारता येते. ग्वाल्हेरमधील किंवा किनाऱ्यापासून दूरच्या कोणत्याही गावातील पालकांना तशी सोय नसते. त्यांनी संस्थेला प्रवेशापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: अभ्यासक्रमास महासंचालनालयाची मान्यता आहे काय, मागील तुकडीतील किती विद्यार्थी प्रत्यक्ष जहाजावर गेले, आणि प्रायोजक कंपनीचे लेखी पत्र प्रवेशापूर्वी मिळेल काय. तिसऱ्या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत शुल्क भरू नये.