बैठक, फडताळ आणि कपाट

अठराव्या शतकातील मराठी वाड्यात बहुतेक खोल्यांचा उपयोग त्या घटकेला जमिनीवर काय अंथरले आहे यावरून ठरत असे. देवघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली आणि बाळंतिणीची खोली ही स्थाने नेमलेली असली, तरी सोपा, म्हणजे चौकाकडे उघडी असलेली खांबांची पडवी, माजघर आणि माडीवरचा दिवाणखाना या मोठ्या जागा दिवसभरात अनेकदा रूप पालटत असत. ज्या सोप्यात सकाळी जाजम अंथरून हिशेबाची बैठक भरे, तेथेच सणावारी पाट मांडून पंगत उठे आणि रात्री वळकट्या, म्हणजे गुंडाळून ठेवलेली अंथरुणे, सोडून पाहुणे निजत. सामान हलते होते म्हणूनच हे शक्य होते, आणि मराठी गृहसजावटीचा इतिहास समजून घ्यायचा तर या हलतेपणापासूनच सुरुवात करावी लागते.

बैठक म्हणजे सतरंजी किंवा जाजम, त्यावर गादी, गादीवर पांढरा पलंगपोस, पाठीला लोड आणि हाताला तक्क्या अशी मांडणी. माणसाचा मान वाढला की गादीची उंची आणि वरच्या कापडाचा दर्जा वाढे, पण बसण्याची तऱ्हा तीच राही. लाकडी वस्तू थोड्या आणि जमिनीलगतच्या असत. पाट जेवायला बसण्यासाठी आणि धार्मिक कार्यात आसन म्हणून चाले. चार पायांचा चौरंग पूजेला, सत्यनारायणाला, गणपतीला आणि मंगलस्नानालाही लागे. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी लाखेच्या रंगांनी पाट आणि चौरंग रंगवण्याची कला वाढवली. उतरणीला लागलेल्या या कलेला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील राजघराण्याच्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभे केले.

जे हलवायचे नाही ते सगळे भिंतीने स्वीकारलेले असे. जाड मातीच्या किंवा विटांच्या भिंतीत दिव्यासाठी दिवळी, लहानसहान वस्तूंसाठी कोनाडा आणि दारे लावलेले फडताळ, म्हणजे भिंतीतच कोरलेले कपाट, हे बांधतानाच ठेवले जाई; पागोटे आणि अंगरखा खुंटीवर, धुतलेली वस्त्रे आडव्या वळणीवर, दुधातुपाची भांडी टांगत्या शिंक्यात. परिणामी खोलीची जमीन मोकळी राही, आणि मोकळ्या जमिनीमुळेच एका खोलीत चार खोल्यांचे काम भागे. सजावटही डोळ्यांच्या वरच्या बाजूला चढलेली होती: सुरूच्या झाडाचा घाट दिलेले सागवानी खांब, त्यांच्यामधील महिरपी, त्यांवर लोंबणारी लाकडी केळफुले, आणि तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचे नक्षीदार छत. जमिनीवर बसलेल्या माणसाची नजर सहज वर जाते, याचे भान या रचनेत स्पष्ट दिसते.

पुण्यातील पेशव्यांच्या शनिवारवाड्यातील गणेश रंगमहालाचे एक चित्र या संदर्भात फार मोलाचे आहे. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९० च्या तहाचा दरबार चित्रकार जेम्स वेल्स याच्या रेखाटनांच्या आधारे टॉमस डॅनियल याने १८०५ मध्ये रंगवला, आणि त्यात पेशवे सवाई माधवरावांपुढे इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट आणि त्याचे इंग्रज सहकारी खुर्चीशिवाय, जमिनीवर बसलेले दिसतात. पुण्याच्या दरबारात परकीय वकिलालाही बैठकीची रीत पाळावी लागे. परदेशी वस्तूंना मात्र मज्जाव नव्हता. काचेच्या हंड्या आणि झुंबरे, मोठे आरसे आणि काचेच्या मागील बाजूने रंगवलेली चित्रे श्रीमंत घरांत आली, पण ती छताला आणि भिंतीला गेली. जमिनीवरची व्यवस्था त्यांनी मोडली नाही.

ती मोडली खुर्चीने. मुंबईत एकोणिसाव्या शतकात शिसवी लाकडाच्या कोरीव खुर्च्या, सोफे आणि मेजे बनवण्याचा मोठा धंदा उभा राहिला. घाट युरोपीय आणि पानाफुलांची दाट जाळीदार कोरणी देशी, असे हे सामान १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनातही मांडले गेले होते. प्रथम पारशी आणि गुजराती शेठांनी, पुढे वकील, डॉक्टर आणि सरकारी अधिकारी झालेल्या मराठी गृहस्थांनी ते घेतले. जड कोच रोज उचलता येत नाही, म्हणून त्याची खोली कायमची बाहेरच्यांसाठीची झाली, आणि स्त्रियांचा वावर असलेले माजघर आणि पुरुषांचा दिवाणखाना यांतील जुनी सीमा सामानाने अधिक घट्ट केली. याच काळात सामान्य घराला भिंत सजवण्याचे स्वस्त साधनही मिळाले. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेल्या छापखान्यातील लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी घरोघरी पोचल्या. त्या वरून किंचित पुढे झुकवून टांगल्या जात, त्यामुळे खाली बसलेल्यालाही नीट दिसत.

मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे गिरणी कामगारांच्या वस्तीत, हे सगळे आटले. सरकारच्या विकास खात्याने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली साधारण १६० चौरस फुटांची होती, आणि तीत अख्खे कुटुंब, कित्येकदा गावचे पाहुणेही, राहत. येथे जुनी मराठी रीत गरजेपोटी परत आली: खाटेखाली ट्रंका, अर्ध्या उंचीवर माळा, मधे साडीचा पडदा, रात्री अंथरुणे आणि सकाळी वळकट्या. भिंती पातळ असल्यामुळे फडताळ मात्र गेले, आणि त्याची जागा पत्र्याच्या कपाटाने घेतली. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटे काढली; पुढे आरसा लावलेले असे कपाट लग्नाच्या वस्तूंत मानाचे ठरले. दागिने, कागदपत्रे आणि शालू त्या एकाच वस्तूत राहत, आणि दारावरचा आरसा सगळ्या घराला पुरे.

पुण्यात वाड्यांचा शेवट दोन कारणांनी जवळ आला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे डागडुजी मालकांना परवडेनाशी झाली, आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांतील कितीतरी वाडे पाडले. दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या नसत्या, तर या जीवनाचा मोठा भाग केवळ ऐकीव राहिला असता. त्यांचा संग्रह आज पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आहे. उतरवलेल्या वाड्यांचे खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडून सदनिकांत शोभेसाठी जातात, पण तेथे ते कसलाच भार घेत नाहीत, आणि म्हणून जुन्या घराचे खरे वारस ते ठरत नाहीत. तो मान झोपाळ्याचा आहे. पूर्वी तुळईला टांगलेला झोपाळा बसायला, भाजी निवडायला, मूल निजवायला आणि दुपारी आडवे व्हायला सारखाच उपयोगी पडे. आजच्या सदनिकेतही तो त्याच कामांसाठी वापरला जातो, आणि त्याच्या कड्यांसाठी स्लॅब ओतण्यापूर्वीच हूक बसवून घेतले जातात.